जैवतंत्रज्ञान जंगलाच्या उंबरठ्यावर

जैवतंत्रज्ञान म्हटले की पुणे, हैदराबाद येथील सुसज्ज प्रयोगशाळा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या शास्त्राची कसोटी मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत लागणार आहे. पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरत आलेला सिकलसेल, जंगलपट्ट्यात मुक्काम ठोकून असलेला हिवताप, त्याच जंगलात गस्त घालणारे जवान आणि गावाच्या शिवेपर्यंत येणारा वाघ या साऱ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

एका अक्षराची चूक

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी घडविणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते आणि सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की अशा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना, रक्तक्षय आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम होत. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही आला तर आजार होतो; एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक ठरते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

वाहकाला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. त्यामुळेच हिवतापग्रस्त प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला. विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांबरोबरच काही अनुसूचित जातींतही तो आढळतो.

चाचणीपासून जनुक-संपादनापर्यंत

रक्ताच्या साध्या विद्राव्यता चाचणीने संशयित ओळखता येतात. रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे ठरविण्यासाठी मात्र हिमोग्लोबिनचे पृथक्करण करावे लागते. प्रतिपिंडांवर आधारलेल्या पट्टीमुळे हे निदान आता गावातही, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होऊ शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिन विकारांवरील संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र चंद्रपूरमध्ये असून ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

उपचारांतील मोठी झेप जनुक-संपादनाची आहे. रुग्णाच्या रक्त घडविणाऱ्या मूळपेशी काढून त्यांतील एका जनुकाचा नियंत्रक भाग छेदला जातो. त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू होते. 'कॅसजेव्ही' या अशा पहिल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. त्याआधी तीव्र रसायनोपचाराने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, हे वेगळेच. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा स्वदेशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. आज मात्र बहुतेक रुग्णांचा आधार हायड्रॉक्सियुरिया हीच गोळी आहे. ती नियमित घ्यावी लागते आणि वेळोवेळी रक्त तपासावे लागते.

जवानांच्या आरोग्याचा प्रश्न

माओवादविरोधी मोहिमांसाठी १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकात स्थानिक तरुणांचा मोठा भरणा आहे. जंगलात मुक्काम करणाऱ्या या जवानांना डासांपासूनही स्वतःचा बचाव करावा लागतो. हिवतापाच्या परजीवीचे विशिष्ट प्रथिन हेरणारी झटपट चाचणी अशा ठिकाणी सूक्ष्मदर्शकाविना निदान करते. डासांना दूर ठेवणारे 'डेपा' हे रसायन ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले आहे.

जनुकीय माहितीचा संबंध भरती व प्रशिक्षणाशीही येतो. सिकलसेलचे वाहक असलेल्या सैनिकांचा अतिश्रमाने मृत्यू होतो, अशी भीती अमेरिकी लष्कराला दीर्घकाळ होती. सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांचा मृत्युदर अधिक आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू झिजण्याचा धोका मात्र काहीसा जास्त दिसला. पुरेसे पाणी, विश्रांती आणि उन्हापासून बचाव हा त्यावरचा उपाय. वाहक असणे म्हणजे अपात्र असणे नव्हे, हा या अभ्यासाचा बोध येथील तरुणांसाठीही मोलाचा आहे.

वाघ, विषाणू आणि माहिती

ताडोबाच्या परिसरात माणसावर हल्ला झाल्यास घटनास्थळी सापडलेले केस किंवा लाळ यांच्या डीएनएवरून नेमका वाघ ओळखता येतो. निरपराध वाघ जेरबंद होणे टळू शकते. शिकारीच्या गुन्ह्यांत जप्त केलेले मांस, कातडे वा हाडे कोणत्या प्राण्याची, हे हैदराबादच्या सीसीएमबीच्या प्रयोगशाळेत निश्चित केले जाते. प्राण्यांकडून माणसाकडे येणारे रोग हाही सुरक्षेचाच विषय होय. चांदीपुरा विषाणूला १९६५ मध्ये नागपूरजवळच्या गावाचेच नाव मिळाले होते. नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली, ती याच दृष्टीने.

याच जोडीला माहितीच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक केंद्राने २०२३ मध्ये संसदेतून मागे घेतले. वाहक असल्याची नोंद गावात फुटली तर मुलीचे लग्न अडू शकते. म्हणूनच तपासणीइतकेच समुपदेशन आणि गोपनीयता महत्त्वाची ठरते.

पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. १९७३ पासून हेमलकसा येथे कार्यरत असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा अनुभव सांगतो, की येथे औषधाइतकेच ते घेऊन पोहोचणारे माणूस मोलाचे असते. अहवाल हाती आला पण गोळी संपली, तर तो कागदच उरतो. जनुकातील अक्षर दुरुस्त करणारे शास्त्र आता देशात आले आहे; ते पाड्यापर्यंत नेणारी वाट बांधणे हे काम शासनाचे आणि समाजाचे आहे.