दोन थेंब आणि एक जुनी भीती



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची सभा होती. हप्ते गोळा झाले आणि आशाताईंनी गोवर-रुबेलाच्या लसीचा विषय काढला. दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आमची एक मुस्लिम मैत्रीण म्हणाली, "आमच्या सासूबाई नको म्हणतात. सुई टोचली की पुढं मूलबाळ होत नाही, असं त्यांनी ऐकलंय." मागून कुणीतरी बोललं, "यांच्यात असंच असतं." ती गप्प झाली. आम्हीही गप्प बसलो, आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून ही भीती आली कुठून, ते आम्ही शोधलं. तेच आज सांगतो.

आणीबाणीच्या काळात, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. जबरदस्ती सगळ्याच गोरगरिबांवर झाली. शिक्षकांना, कारकुनांना आकडे ठरवून दिले होते. ऑक्टोबर 1976 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरला विरोध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. नोव्हेंबरमध्ये हरियाणातल्या उटावड या मुस्लिम वस्तीच्या गावाला पोलिसांनी पहाटे वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी उचलून नेलं. सरकारी माणूस दारात आला म्हणजे काय होतं, हे त्या घरांतली मुलं बघत होती.

तीच मुलं पुढं आईबाप झाली. 1995 साली पल्स पोलिओ सुरू झाला आणि पुन्हा सरकारी माणूस दारात आला. 2002 मध्ये देशात पोलिओचे 1,600 रुग्ण सापडले. त्यातले बाराशेहून जास्त उत्तर प्रदेशातले होते, आणि त्यांत मुस्लिम मुलं निम्म्याहून अधिक. डोस पाजून आपल्या मुलांना वांझ करतील, अशी अफवा तेव्हा मुरादाबादच्या बाजूला फिरत होती.

पण आईबापांचे प्रश्न नुसते अफवेचे नव्हते. दवाखान्यात साधी तापाची गोळी मिळत नाही, गल्लीतलं गटार कुणी उपसत नाही, मग हे एकच औषध फुकट आणि घरपोच कशासाठी? कितीतरी डोस घेतलेल्या मुलालाही पोलिओ का झाला? हा दुसरा प्रश्न तर अगदी बरोबर होता. दाट वस्ती, घाण पाणी, सारखे जुलाब, यामुळे तिथल्या मुलांना डोस कमी लागू पडत होता. म्हणून पुन्हा पुन्हा पाजावा लागे. पुढं 2005 आणि 2010 मध्ये जास्त परिणामकारक डोस आणले गेले.

दारं उघडली ती दटावून नाही. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर जाऊन बसू लागल्या. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामियातली मंडळी सोबत आली. मशिदीच्या भोंग्यावरून डोसाचा दिवस सांगितला जाऊ लागला. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या आईबापांनी हो म्हटलं नसतं, तर तो दिवस आलाच नसता.

आपल्याकडं 2022 मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला. लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात कितीतरी मुलांचे डोस राहून गेले होते, आणि जुनी भीतीही होतीच.

हे सगळं समजल्यावर आम्ही आशाताईंना घेऊन त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. सासूबाईंचं माहेर उत्तर प्रदेशचं. चहा होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या साली त्यांचे वडील कितीतरी रात्री उसाच्या फडात लपून झोपायचे. आम्ही ऐकून घेतलं. मग आशाताईंनी सांगितलं, नऊ महिने झाले की पहिला डोस आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरा, एवढीच ही लस. ताप येऊ शकतो, तो उतरतो. हजला जाणाऱ्यालासुद्धा मेंदूज्वराची लस घ्यावीच लागते, हे सासूबाईंना आधीच माहीत होतं. त्यांनी एकच विचारलं, "ताप आला तर येशील का?"

मागच्या बुधवारी नातवाला राहिलेला पहिला डोस दिला. संध्याकाळी अंग गरम झालं. आशाताई येऊन बघून गेल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या सभेला पासबुकासोबत मुलांचं लसीचं कार्डही आणा. आणि कुणी नको म्हणाली, तर आधी तिला का ते विचारा.