सरस : एका जुन्या द्रव्याची नवी नावे

मराठीत ‘सरस’ या तीन अक्षरांत दोन शब्द नांदतात. एक संस्कृतातला, रसाने युक्त असा. दुसरा फारसीच्या वाटेने आलेला, कातडी आणि हाडे उकळून काढलेला, सुताराच्या नित्य परिचयाचा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचे काही नाते नाही. पण त्वचेला ओलावा देणाऱ्या प्रसाधनांच्या इतिहासात ते एकाच बाटलीत भेटतात. ‘कोलॅजेन’ या शब्दाच्या पोटातही हा दुसरा सरसच आहे : ग्रीक ‘कोला’ म्हणजे सरस, तो ज्यापासून उत्पन्न होतो ते कोलॅजेन.

थोरल्या प्लिनीने इ. स. ७७च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’ या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या खंडात एक कृती आहे. पांढऱ्या गोऱ्ह्याच्या घोट्याचे हाड चाळीस दिवस आणि चाळीस रात्री, त्याचा द्रव होईपर्यंत, उकळावे आणि तागाच्या कापडाने तो द्रव चेहऱ्यावर लावावा. कांती उजळते, सुरकुत्या जातात. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण स्त्रियांच्या हौसेखातर ती गाळता येत नाही, असे तो आधीच सांगून ठेवतो. आज आपण त्या द्रवाला जिलेटिनाचा काढा म्हणू.

उकळल्याने नेमके काय घडते, हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले. १९५४ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेनच्या रेणूची रचना मांडली : एकमेकींत पिळलेल्या तीन साखळ्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरे स्थान ग्लायसिनचे. त्यासाठी लागलेली कांगारूच्या शेपटीतील कंडरा त्यांना शेजारच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेतून मिळाली होती. उष्णतेने हा पीळ उलगडतो आणि जिलेटिन होते. साखळ्यांचे आणखी तुकडे केले की प्रसाधनांच्या वेष्टनांवर दिसणारे ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजेन’ तयार होते.

मूळ रेणूचे वजन सुमारे ३,००,००० डाल्टन असते. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनहून मोठा रेणू सहसा आत जात नाही, असा नियम बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला. तेव्हा क्रीममधले अखंड कोलॅजेन त्वचेतल्या कोलॅजेनची जागा घेऊ शकत नाही. ते पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरते, पाणी धरून ठेवते, आणि त्वचा काही काळ मऊ, भरलेली दिसते. हा गुण खरा आहे. तो पाण्याचा आहे, तारुण्याचा नव्हे.

१९९६ साली ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूरोगाचा माणसाच्या आजाराशी संबंध जाहीर झाला. गोवंशजन्य द्रव्यांविषयीचा विश्वास डळमळला आणि माशांच्या कातडीपासून व खवल्यांपासून काढलेल्या कोलॅजेनला महत्त्व आले. वेष्टनावर गाईच्या जागी समुद्र आला. तसे पाहता त्याआधीही गाय तिथे नावाने क्वचितच होती.

साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे पाहावे असे आम्हांला वाटते, ते एवढ्यासाठीच. प्लिनीने निदान हाड, जनावर आणि चाळीस रात्री सांगितल्या होत्या. वाचकाला आपण चेहऱ्याला काय लावतो आहोत हे कळत होते. आजची परिभाषा अधिक अचूक आहे, आणि त्या अचूकतेच्या आड कातडे, खवले नि उकळती कढई दिसेनाशी होतात. दुसरा ‘सरस’ विकताना पहिल्याचेच आश्वासन दिले जाते. शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून दाखवणे हे आपलेच काम आहे.