तळटीप १७ : ‘पर्ल दोन तालुक्यांवरच अडली’

१७. पर्ल ही लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली संगणकभाषा. मजकुराच्या फायली चाळायला ती सोयीची. इथे फायली आहेत नीरा डाव्या कालव्याच्या पाणीपाळीच्या. हा कालवा बारामतीकडून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. लेखकाने ‘बारामती’ आणि ‘इंदापूर’ ही नावे लूपच्या ओळीतच अवतरणांत लिहिली होती. लूपला स्वतःचे चल दिले नाही, तर पर्ल डॉलर-अंडरस्कोर हे सामाईक चल घेते आणि नावाची प्रत न करता ते चल थेट मूळ नावालाच जोडते. आतला ‘व्हाइल’ फाइलमधून वाचलेली ओळ त्याच चलात टाकतो, म्हणजे ‘बारामती’ या स्थिरांकावरच लिहू पाहतो. मग ‘मॉडिफिकेशन ऑफ अ रीड-ओन्ली व्हॅल्यू अटेम्प्टेड’ एवढे सांगून प्रोग्राम बंद पडतो. संदेशातला ओळक्रमांक वाचनाच्या ओळीचा असतो, यादीच्या नव्हे. म्हणूनच पुढच्या परिच्छेदात लेखक फायलींच्या परवानग्या तपासत बसलेला दिसतो. नावे ॲरेत भरली असती, तर प्रोग्राम बिनबोभाट चालला असता, पण फाइल वाचून संपताच ॲरेतले नाव पुसले गेले असते. ते अधिक वाईट, कारण चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. ‘दोन्हीकडे माय लावली’ या वाक्यातला ‘माय’ हा पर्लमध्ये नवे, मर्यादित चल घोषित करण्याचा शब्द आहे. तालुक्यासाठी एक व वाचलेल्या ओळीसाठी दुसरे, अशी चले वेगळी केली, एवढाच त्याचा अर्थ. — संपा.