रॉचडेलच्या कुरणात, १७६८

लँकशायरमधल्या रॉचडेल गावाबाहेर, ओल्या कुरणात तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. मागच्या घरांतून लोकर विणणाऱ्या मागांचा खडखडाट येतोय. ऑर्किडची जांभळी फुलं केव्हाच गळाली. बोंडं धरलीत, दांडा कलायला लागलाय. इथले गृहस्थ मोल्ट म्हणतात, खणायची वेळ हीच.

खुरपं जरा लांबून घाला, नाहीतर कंद चिरेल. ढेकूळ फोडलंत की दोन कंद हाती येतील. एक काळपट, सुरकुतलेला: यंदाचं झाड त्यानंच पोसलं. दुसरा फिकट, टणक, भरलेला. त्यात पुढच्या वर्षीचं झाड आहे, आणि खायचा तोही हाच.

धुवा. गरम पाण्यात बुडवून जाड्याभरड्या कापडानं चोळा, तपकिरी साल सुटेल. आता पत्र्यावर पसरून पावाच्या भट्टीत ६ ते १० मिनिटं. दुधी रंग जाऊन कंद शिंगासारखा अर्धपारदर्शक होतो. मग नुसता वाळवायचा. काष्ठौषधींच्या दुकानात सालममिश्री पाहिली असेल, तर ही त्याच कुळातली वस्तू. थोडी पूड उकळत्या पाण्यात ढवळा. बघता बघता दाट होते, पळी जड लागते. चव बेताचीच, पण पोटाला आधार मिळतो.

परदेशातून येणारी ही पूड पौंडाला ५-६ शिलिंग पडते. मोल्ट यांच्या हिशेबानं इथली ८-१० पेन्सांत देता येईल. मँचेस्टरचे डॉ. टॉमस पर्सिव्हल तर पुढे लिहिणार आहेत, की ही एक औंस पूड आणि एक औंस सुकवलेलं सूप एवढ्यावर खलाशाचा दिवस निघेल. भुकेल्यांची ही काळजी खरी आहे, मोठ्या मनाची आहे.

तरीही टोपलीकडे बघून तुमचा जीव कासावीस होतो. किलोभर पुडीला हजाराहून अधिक कंद लागतात, म्हणजे तितकी झाडं गेली. बोंडातलं बी धुळीइतकं बारीक, शिदोरीविना निघालेलं. मातीतली योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. हे वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार फ्रान्समध्ये दाखवतील ते १८९९ साली. रुजल्यावरही फूल यायला कित्येक वर्षं लागतात.

शेजारचा गडी जुना कंद खड्ड्यात टाकून माती लोटतोय. त्याला वाटतं, पुन्हा येईल. येणार नाही. त्याला सांगा: ताटव्यातली निम्मी झाडं राहू दे, आणि खणशील त्यांची बोंडं आधी पिकू दे.