मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील दोष : तक्रार नेमकी कोणाकडे?

बेंगळुरू : राष्ट्रीय ओळखव्यवस्था उभारण्यासाठी कोणत्याही देशाला वापरता येईल अशी ‘मोसिप’ ही मुक्तस्रोत प्रणाली २०१८ पासून येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत विकसित होत आहे. फिलिपीन्स, मोरोक्को, इथिओपिया आदी देशांनी ती स्वीकारली. अशा देशातील एखाद्या नोंदणी केंद्रावर अर्जदाराचे नाव पडद्यावर चुकीचे उमटले, तर दोष बेंगळुरूतील मूळ प्रकल्पात असू शकतो, स्थानिक कंत्राटदाराने केलेल्या फेरफारात असू शकतो किंवा या दोघांनीही न लिहिलेल्या तिसऱ्याच घटकात असू शकतो. व्यापारी सॉफ्टवेअरचा ग्राहक थेट विक्रेत्याकडे जातो. मुक्तस्रोत प्रणालीत मात्र तक्रार कोणाकडे न्यावी, हे आधी शोधावे लागते.

याचे उत्तम उदाहरण मराठीतच सापडते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हे अंतर दाखवणारा अर्धा ‘ऱ’ संगणकावर नीट उमटला नाही, तर प्रथम कळफलकाकडे पाहावे. युनिकोड मानकानुसार त्यासाठी साधा ‘र’ नव्हे, तर नुक्ता असलेला ‘ऱ’ व त्यानंतर हलन्त लागतो. कळफलकाचा आराखडा चुकीचे चिन्ह पाठवत असेल, तर पुढच्या कोणाचाही अपराध नाही. चिन्हे बरोबर असून फॉन्ट बदलताच शब्द सुधारत असेल, तर तक्रार फॉन्ट तयार करणाऱ्यांकडे जावी. सर्व फॉन्टमध्ये चूक दिसते, पण एकाच कार्यक्रमात, अशी स्थिती असल्यास त्या कार्यक्रमाच्या विकासकांना कळवावे. फायरफॉक्स, क्रोम व लिबर ऑफिस या सर्वांत ती सारखीच आढळली, तर संशय या तिघांनीही वापरलेल्या ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणीच्या घटकावर घ्यावा लागतो. तेथे झालेली एक दुरुस्ती कालांतराने तिन्ही कार्यक्रमांपर्यंत पोहोचते.

दुसरा पेच वितरकांचा आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही वितरणे हजारो मूळ प्रकल्पांचे सॉफ्टवेअर एकत्र बांधून देतात, काही ठिकाणी स्वतःचे बदलही करतात. उबुंटूचे बहुतांश संच तर डेबियनकडूनच आलेले असतात. वापरकर्त्याकडील आवृत्ती अनेकदा जुनी असते आणि मूळ प्रकल्पाने तो दोष केव्हाच दूर केलेला असतो. म्हणून शक्य असल्यास मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती तपासावी. तीतही दोष असेल तर मूळ प्रकल्पाकडे, नसेल तर वितरकाकडे नोंद करावी. ताजी आवृत्ती चालवणे जमत नसेल, तर वितरकाकडे जाणे केव्हाही योग्य. पुढे पाठवण्याचे काम तो करू शकतो. आवृत्तीचा क्रमांक आणि दोष पुन्हा घडवून आणण्याची कृती नोंदीत हवीच.

सुरक्षेशी संबंधित दोषाला मात्र हा मार्ग लागू नाही. तो जाहीर नोंदवहीत लिहिणे म्हणजे दुरुस्तीपूर्वीच हल्लेखोराला वाट दाखवणे. असा दोष प्रकल्पाच्या किंवा वितरकाच्या सुरक्षा पथकाला खासगीरीत्या कळवला जातो. भारतात केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयांतर्गत ‘सर्ट-इन’ ही संस्थाही अशा सूचना स्वीकारते.

मार्च २०२४ मध्ये हा प्रश्न आणखी बिकट रूपात समोर आला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीत दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. शोध घेता ‘एक्सझेड’ या संकोचन घटकाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा सापडला. तो मूळ प्रकल्पाच्याच एका व्यवस्थापकाच्या खात्यावरून शिरला होता. त्यामुळे फ्रॉइंड यांनी मूळ प्रकल्पाकडे तक्रार केली नाही. त्यांनी आधी डेबियनच्या सुरक्षा पथकाला, मग इतर वितरकांना खासगीत सावध केले आणि २९ मार्च रोजी माहिती जाहीर केली. प्रमुख वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो चोरदरवाजा तोवर पोहोचलेला नव्हता.