आंबोण ते पशुखाद्य : नावाआड गेलेले घटक

धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या ज्वारीच्या मुलखात जनावरांच्या आहाराची जुनी शब्दसंपत्ती घटकांनाच नावे देते. ‘कडबा’ म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे, ‘सरकी’ म्हणजे कापसाचे बी, ‘पेंड’ म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा. ‘आंबोण’ हे मिश्रणाचे नाव खरे. परंतु ते घरीच भिजविले जात असल्याने त्यात काय पडले हे घरधन्यास ठाऊक असे. ‘पशुखाद्य’ हा शब्द मात्र खाणाऱ्याचा निर्देश करतो, घटकांचा नव्हे. कारखान्यातील गोळी पेंड गोठ्यात आली, तेव्हा डोळ्यांनी होणारी पारख अपुरी पडली व प्रयोगशाळेची गरज उत्पन्न झाली.

ही नवी पारखही निर्दोष नाही. योहान केल्डाल याने १८८३ साली सिद्ध केलेली पद्धती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. २००७ साली अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाद्यात नायट्रोजनयुक्त मेलामाइन सापडले, ते याच उणिवेमुळे प्रथिन म्हणून खपले होते. बुरशीचे विष तर या मोजणीत दिसतच नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखावर टर्की पक्षी दगावले. त्यातून अफ्लाटॉक्सिनाचा शोध लागला. हे विष रूप पालटून गाईच्या दुधातही उतरते.

तेव्हा गोणीवरील प्रथिनांचा टक्का पुरेसा नव्हे. जुने शब्द जे आपोआप सांगत, ते आता वेष्टनावर लिहावयास हवे. कारण हा प्रश्न गोठ्यापाशी थांबत नाही, दूध पिणाऱ्या मुलापर्यंत पोचतो.