बिननावाचा शॉकअप

बैलगाडीच्या प्रत्येक भागाला आपल्या भाषेत नाव आहे. आस, आरे, धाव, जू, शिवळ, साटी. टांगा आला तेव्हा त्याच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांना आपण कमान म्हटले. मोटारलॉऱ्या आल्या आणि त्याच पट्ट्यांचा पाटा झाला. पण चाकाजवळ तेल भरलेली जी एक नळी असते, तिला मराठीने आजतागायत नाव दिलेले नाही. कोणी शॉकअप म्हणतो, कोणी शॉकर, कोणी नुसतेच शॉक. कोशात धक्काशोषक असा एक शब्द सापडतो. तो मी अजून एकाही गॅरेजमध्ये ऐकलेला नाही.

नाव नसल्याने त्या वस्तूकडे आपले लक्षही नाही, असे मला वाटते. पाटा तुटला की गाडी एका बाजूला बसते, रस्त्यात उभी राहते, गावभर बोभाटा होतो. शॉकअप मेला तर काहीच होत नाही. गाडी चालते. थोडी डुलते, एवढेच. आणि मग पाच-सहा वर्षे ती तशीच डुलत राहते.

मुळात इंग्रजी नावच फसवे आहे. धक्का शोषतो तो स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबतो आणि धक्का स्वतःत साठवतो. पण साठवलेले परत द्यायचे हा त्याचा धर्म, म्हणून तो उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी मारण्याचे काम शॉकअपचे. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. हळू ढकलले तर तेल वाट देते, जोरात ढकलले तर अडवते. आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेला पोर्तुगीज शब्द ह्या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. आमोर्तेसेदोर, म्हणजे जोर मारून टाकणारा, निस्तेज करणारा. ब्रिटिशही डॅम्पर म्हणतात. शॉक अॅब्सॉर्बर हे अमेरिकन दुकानदारीचे नाव असावे असा माझा आपला संशय.

हे सगळे डोक्यात येण्याचे कारण हैदराबादचे अफझलगंज.

अफझलगंज म्हणजे मुसी नदीच्या उत्तर काठावरची पेठ. पाचवा निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) ह्याने धान्याच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली आणि त्याचेच नाव पेठेला पडले. नया पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला उस्मानिया रुग्णालय, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (म्हणजे १८९१ मध्ये स्थापन झालेले जुने आसफिया ग्रंथालय) आणि जरा पुढे गौलीगुडा. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हा सारा काठ धुऊन नेला होता. आज दिसतात त्या मोठ्या इमारती पुरानंतरच्या. समुद्र नसलेल्या ह्या संस्थानाला १९४७ च्या सुमारास आपल्या मुरगाव बंदरावर डोळा होता, हे गोंयकाराला सांगायला नको. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय.

मी २०१६ च्या डिसेंबरात तिथे गेलो तो ग्रंथालयात बसण्यासाठी. उतरलो होतो मावसबहिणीकडे. तिच्या यजमानांची, म्हणजे भावोजींची, जुनी मारुती ८०० अंगणात उभी. भावोजींचे मूळ गाव नांदेडकडे, म्हातारी आई तिकडे असते आणि तिला महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे इथे आणावे लागते. ह्या गाडीत बसले की बोट लागल्यासारखे होते, अशी तिची तक्रार. भावोजी म्हणायचे, "रस्ताच तसा आहे." मी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडले. धड शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते. ही चार वेळा मान हलवून मग थांबली. पुढच्या दोन्ही चाकांमागे वाकून पाहिले, तर नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. पुढच्या टायरवर हात फिरवला तर जागोजाग खळगे. चाक रस्त्यावर टेकून धावत नव्हते, टप्पे खात धावत होते. टप्पे खाणारे चाक ब्रेक दाबल्यावर काय पकडणार? हवेत असलेल्या क्षणाला टायरचा रस्त्याशी संबंधच नसतो. म्हातारीला लागणारी बोट ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट होती.

भाचा म्हणाला, "मामा, आपण घरीच करू या." सुटे भाग आणायला आम्ही अफझलगंजात गेलो.

सुट्या भागांची दुकाने नेमक्या ह्याच पट्ट्यात, गौलीगुडा ते पुतलीबावली, का झाली असतील? ह्याचे उत्तर मला शेजारच्या बसस्थानकात सापडते. १५ जून १९३२ रोजी निजामाच्या रेल्वेने आपले रस्ता वाहतूक खाते सुरू केले. २७ बसगाड्या, १६६ कर्मचारी. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. सरकारी मालकीची प्रवासी बससेवा म्हणून हा हिंदुस्थानातला पहिला प्रयोग मानतात. आपल्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. हैदराबादच्या बसच्या नंबरात झेड अक्षर असते ते निजामाच्या आईच्या नावावरून, अशी कथा तिथला प्रत्येक माणूस सांगतो. गौलीगुड्याचे स्थानक म्हणजे अमेरिकेच्या बटलर कंपनीची अर्धगोल पत्र्याची प्रचंड शेड. मुळात ती विमानांसाठी होती असे सांगतात. मी गेलो तेव्हा ती उभी होती. लांब पल्ल्याच्या गाड्या १९९४ मध्येच इमलीबनच्या नव्या स्थानकावर गेल्या होत्या, इथून शहरी बस सुटत. ५ जुलै २०१८ च्या पहाटे ती शेड कोसळली. थोडे दिवस आधीच ती रिकामी केली होती, म्हणून माणसे वाचली.

जिथे बस, तिथे तुटलेले पाटे. जिथे पाटे, तिथे लोहार, बुशवाला, टायरवाला. हा माझा तर्क, पण फारसा चुकीचा नसावा. आणि मराठी वाचकाने हेही ध्यानात घ्यावे की १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे ह्याच राज्यात होते. १९६१ मध्ये मराठवाड्याची सरकारी बससेवा महाराष्ट्राच्या एसटीत विलीन झाली. तोवर औरंगाबाद-नांदेडच्या मोटार-कारागिरीचे माहेर मुसीकाठी होते.

त्या १९३२ च्या अल्बियन गाड्या पाट्यांवरच चालत. अनेक पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेला पाटा दबतो तेव्हा पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घर्षणातच उसळीचा बराचसा जोर जिरतो. म्हणजे जुन्या वाहनात शॉकअपचे काम पाटाच थोडेफार करून टाकत असे. टांग्याला शॉकअप नसतो तो ह्यामुळे. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी कारखान्यातून निघायची तीही शॉकअपविना. वेग वाढला तसे हे घर्षण पुरेना. फ्रान्समध्ये ट्रुफो ह्या माणसाने विसाव्या शतकाच्या तोंडावर कात्रीसारख्या दांड्यांत घर्षणाच्या चकत्या घातल्या, अमेरिकेत हार्टफर्डने ती युक्ती उचलली. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने पट्टा गुंडाळून उसळी आवरणारे साधन काढले. हा फॉस्टर आधी मोटारीचे भोंगे बनवत असे, आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूतावरून त्याने भोंग्याला गॅब्रिएल नाव दिले होते. तेच नाव शॉकअपला चिकटले. मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली १९६१ साली, म्हणजे आपल्या मुक्तीच्या वर्षी. वास्को द गामाचे मुख्य जहाजही सांव गाब्रिएलच. देवदूताला समुद्राच्या लाटांपासून रस्त्याच्या खड्ड्यांपर्यंत सगळीकडे नेमणूक!

गल्लीतल्या दुकानात भाच्याने डाव्या बाजूचा एकच शॉकअप मागितला. तिकडून तेल जास्त गळत होते म्हणून. म्हातारे दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक नक्को लेओ बेटा. जोडी लेओ."

दखनीतला हा 'नक्को' आपल्या मराठी 'नको'चाच. आणि सल्लाही अस्सल. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला मेलेला शॉकअप घातला तर ब्रेक लावताना आणि वळताना गाडी दोन बाजूंना दोन प्रकारे वागते. एकाच आसावरचे दोन्ही एकदम बदलायचे, हा नियम जगभर एकच. त्यांनी वरच्या माउंटचे रबर, बेअरिंग आणि स्टॅबिलायझर बारचे बुशही काउंटरवर काढून ठेवले. रबराला गाडी किती किलोमीटर धावली हे कळत नाही, ते वयाने मरते.

आता घरी करण्याचा प्रश्न. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. फियाटला, म्हणजे पुढे जी प्रीमियर पद्मिनी झाली तिला, मागे पाटेच. असल्या गाड्यांत मागचा शॉकअप हा स्वतंत्र नग. वर एक नट, खाली एक नट, गंज असेल तर रॉकेल टाकून रात्रभर ठेवायचे, सकाळी पाना लावायचा. घरोघरचे हौशी लोक हे काम रविवारी करत. गोव्यात तर १९६१ नंतर परदेशी गाड्यांचे भाग मिळेनासे झाले आणि ओपेल-मर्सिडीजवाले टॅक्सीवाले अंगणातच निम्मे इंजिनियर झाले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन इंजिनियरने दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफले. फोर्डच्या गाड्यांत १९४९-५० च्या सुमारास ती रचना आली. जागा वाचली, भाग कमी झाले, गाडी स्वस्त झाली. पण शॉकअप बदलायचा तर आता त्याच्याभोवती दाबून बसवलेला स्प्रिंग आधी सोडवावा लागतो, आणि त्या स्प्रिंगच्या पोटात दोनेकशे किलोचा जोर कोंडलेला असतो. वरचा मधला नट भोळेपणाने फिरवला तर तो जोर तोंडावर येतो. ह्या एका नटाने माणसे जायबंदी झाली आहेत. घरगुती दुरुस्तीच्या इतिहासात खरी रेघ ह्या नटाने ओढली, असे मी म्हणेन.

म्हणून आम्ही काम वाटून घेतले. मागच्या चाकांना अटकाव लावला, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि मगच जॅक. भाच्याने अंगणातल्या विटा आणल्या, गाडी टेकवायला. त्या परत ठेवायला लावल्या. आपल्याकडे लोक चिऱ्यांवर गाडी टेकवतात, तीही वाईट सवय. चिरा असो की वीट, भार एका जागी आला की न सांगता फुटतो. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर हातही घालू नये. शेजारच्या मेकॅनिककडून लोखंडी घोड्या मागून आणल्या.

चाक काढले, ब्रेकची नळी स्ट्रटपासून सोडवून तारेने वर बांधली, म्हणजे ती ताणली जाऊ नये. खालचे बोल्ट काढले, बॉनेटखालचे बाजूचे नट काढले, मधल्याला हात लावला नाही. दोन्ही स्ट्रट अखंड काढून पोत्यात घातले आणि रिक्षाने पुन्हा अफझलगंजात. तिथे एका गल्लीत स्प्रिंग दाबायचे यंत्र भिंतीला जाम बसवलेले आहे. कारागिराने स्प्रिंग दाबला, मधला नट सोडला, जुनी नळी काढली. तिचा दांडा बोटाने खाली ढकलला तर तो तिथेच पडून राहिला, सायकलच्या पंपासारखा. नवा मात्र अंगठ्याला दाद देईना. सगळे धरून अर्धा तास गेला.

बसवताना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती पुष्कळ मेकॅनिकही करत नाहीत. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी उचललेली असताना शेवटपर्यंत कसायचे नाहीत. चाक लोंबकळत असताना कसले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. आधी गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबायची, मग कसायचे. भावोजींनी स्वतः खाली वाकून ते कसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अलाइनमेंट करून आणली. स्ट्रट काढला की चाकाचा कोन हलतोच, तो खर्च टाळता येत नाही.

जुन्या जोडीचे काय करायचे, हा प्रश्न राहिला. गुरुवारच्या जुमेरात बाजारात भंगाराला गिऱ्हाईक आहे, असे भाचा म्हणत होता. पण मेलेल्या शॉकअपमध्ये तेल भरून, वरून काळा रंग मारून तो 'नवा' म्हणून विकण्याचा धंदा देशभर चालतो, आणि अशी नळी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळते. भावोजींनी दोन्ही नळ्यांचे दांडे करवतीने कापले आणि मगच भंगारवाल्याला दिले.